तांबडी काडी

दादाच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम होता. तो मोडणारी मी एकटी आणि त्यापायी बोलणी खाणारीही मीच.

पंचवटीत रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं अक्षरजुळणीचं दुकान. दादा माझा मोठा भाऊ. मजकूर तो जुळवायचा, मी प्रुफं तपासायची. वहिनी लवकर गेली, माझं लग्न काही जमलं नाही, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दुकानात कामं यायची लग्नपत्रिकांची, वास्तुशांतीची, पण सगळ्यात जास्त दशक्रियेच्या कागदांची. रामकुंड इतकं जवळ असल्यावर दुसरं काय येणार? प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी' म्हणून त्याचं नाव आणि 'मुद्रितशोधन' म्हणून माझं. "चूक झाली तर शिव्या तुझ्या वाट्याला यायला हव्यात ना!" म्हणायचा.

माऊसला तो हात लावत नसे. मी माऊस धरला की "आले उंदीरमामा" ठरलेलं. मजकूर जुळवायचा त्याचा एडिटर त्यानं वर्षानुवर्षं बसून स्वतःच्या सोयीनं बदलून घेतला होता. त्यात दोन अवस्था होत्या. एकीत कळा दाबल्या की अक्षरं उमटतात. दुसरीत त्याच कळा हुकूम होतात: ओळ खोड, उचल, तिकडे ठेव, झालं ते मागे घे. पहिलीला तो लिखाण म्हणायचा, दुसरीला हुकूम. लिखाणात शिरलं की कीबोर्ड आपोआप मराठी, आणि एस्केप दाबलं की परत इंग्रजी. मला कायम वाटायचं की साध्या कामाला हे कशाला नसते उपद्व्याप. तसं त्याला सांगितलंही. तर म्हणे, "माणसाचा वेळ लिहिण्यात जात नाही गं आजीबाई, निस्तरण्यात जातो. म्हणून निस्तरायच्या कळा हाताशी पाहिजेत."

एकदा तो एस्केप दाबायला विसरला. लिखाणातच होता, आणि हुकमात एकेक ओळ खाली नेणारी इंग्रजी जे ची कळ दाबत राहिला. मराठीत त्या कळेवर र असतो. दिंडोरीकडच्या कुणा म्हातारबांचा दशक्रियेचा कागद होता. त्यात त्यांच्या नावापुढे 'ररर' असं छापून गेलं. मीही पाहिलं नाही, कारण मी तेव्हा दुकानात चहावरून त्याच्याशी भांडत होते. दुसऱ्या दिवशी म्हातारबांचा मुलगा कागद घेऊन दारात उभा. "भाऊ, बाकी लय भारी झालंय, पण हे ररर काय हाय?" दादानं हात जोडले, सगळे कागद पुन्हा छापून दिले, आणि तो माणूस गेल्यावर माझ्यावर असा ओरडला की समोरचा फुलवाला उठून उभा राहिला. मग त्यानं एडिटरमध्ये सोय केली. हुकूम चालू असताना कर्सर निळा चौकोन, आणि लिखाण चालू झालं की तांबडी उभी काडी. "तांबडी काडी दिसली की हात आवर," हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं की कान किटले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द राहिला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, रागावला तरी बरं, औषध थुंकून टाकलं तरी बरं. दिवसभर माझं डोकं खाणारा माणूस, आणि त्याच्या तोंडी एवढंच! मला त्या शब्दाची चीड यायला लागली.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई यायच्या. कपाचं चित्र दाखवून विचारायच्या, हे काय? दादा खिडकीकडे बघायचा. एकदा त्यानं चित्रांचा गठ्ठाच भिरकावून दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बोलणं येईल असं मी सांगू शकत नाही. पण कधीकधी लिहिणं आधी येतं. एक शब्द स्वतःहून लिहिला, तर पुढची वाट आहे."

तेवढं मी धरून बसले. एक शब्द. त्यानं स्वतःच्या मनानं एक शब्द लिहायचा, मग बाकीचं मी बघून घेईन.

दुकान मी चालू ठेवलं होतं. घरात एकटं कसं सोडणार, म्हणून त्यालाही चाकाच्या खुर्चीत तिथं आणायची. एका दुपारी गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि मला दशक्रियेच्या जुन्या कागदातलं नाव काही केल्या खोडता येईना. माऊस लावायला गेले तर तो सापडेना. तेवढ्यात दादाचा डावा हात पुढे आला. दोन कळा दाबल्या, ओळ गेली. आणखी दोन दाबल्या, खालची ओळ वर आली. मी बघतच राहिले. कपाला कप म्हणता न येणाऱ्या माणसाच्या बोटांत सगळे हुकूम जिथल्या तिथे होते! गिऱ्हाइकासमोरच मी रडायला लागले. ते बिचारे माझंच कुणी गेलंय असं समजून पाणी द्यायला लागले.

मग मी पदर खोचला. उजव्या हाताकडचे हुकूम डावीकडच्या कळांवर आणले. खोडणं, उचलणं, ठेवणं, मागे घेणं, जतन करणं, सगळं एका हातात. हुकमांचं जमलं, पण अक्षरांचं काय? मराठी कीबोर्डवर डावीकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे बहुतेक सगळी व्यंजनं. दादाच्या बाजूला उरल्या होत्या नुसत्या मात्रा. तरी म्हटलं, हात पलीकडे नेता येतो की. आणि अ तर डावीकडेच आहे.

रोज सकाळी पूजा आटोपली की मी त्याला तिथं बसवायची. "दादा, एक अक्षर. नुसता अ लिही." तो लिखाणाची कळ दाबायचा. निळा चौकोन जाऊन तांबडी काडी यायची. बोट कळेवर अधांतरी. तो काडीकडे बघायचा, मी त्याच्याकडे. मग कपाळावर घाम यायचा आणि तो एस्केप दाबायचा. की परत चौकोन. जुना मजकूर दिला तर इकडचा परिच्छेद तिकडे नेऊन नीट लावून द्यायचा. माझ्या हातून दोनदा पडलेला शब्दही त्यानं एकदा खोडला. पण कोऱ्या जागेत काही म्हणजे काही नाही. मी समजावलं, ओरडले, त्याच्या हाताला धरून कळ दाबायला लावली. शेजारची काकू म्हणाली, "अगं, जीव घेशील त्याचा." मी तिलाही फटकारलं. थांबले असते तर तो आता असाच राहणार हे मान्य करावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

थंडी सुरू झाली होती. मी मागच्या खोलीत कागद मोजत होते, आणि बाहेरून त्याचं "बरं, बरं" ऐकू आलं. वेगळ्या आवाजात. मी धावतच आले. वाटलं, लिहिला! अ लिहिला!

त्यानं दशक्रियेचा नमुना उघडला होता. तळाच्या अक्षरजुळणीच्या ओळीतून स्वतःचं नाव उचलून वर, गेलेल्या माणसाच्या जागी ठेवलं होतं. खाली 'शोकाकुल' च्या पुढचं 'समस्त परिवार व आप्तेष्ट' खोडून तिथं मुद्रितशोधनातून उचललेलं माझं नाव. तारखेची जागा मोकळी. आणि तोंडाच्या शाबूत अर्ध्या बाजूनं तो हसत होता. लकव्यानंतर पहिल्यांदा.

"काय हे अभद्र! लाज नाही वाटत? मी इथं एका अक्षरासाठी तुझ्या पाया पडतेय आणि तुला ही थट्टा सुचते?" मी मागे घ्यायची कळ दाबत सुटले. माझं नाव गेलं, त्याचं नाव गेलं, कुणा परक्याचं जुनं नाव परत आलं. तेवढ्यानं माझं समाधान होईना. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. काळ्या पडद्याकडे बघून तो म्हणाला, "बरं."

त्या दिवसापासून मी अक्षराचा हट्ट सोडला. दशक्रियेची कामंही घेईनाशी झाले, कोणी आलं की पुढच्या चौकातलं दुकान दाखवायची. दादाला नुसते जुन्या पत्रिकांचे मजकूर उघडून द्यायची. तो ओळी इकडच्या तिकडे करत बसायचा. आम्ही एकमेकांशी भांडायचं बंद केलं होतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

संक्रांत झाली आणि त्याला दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही.

मावसभाऊ म्हणाला, कागद बाहेरून करून आणतो. मी म्हटलं, आपलं दुकान असताना बाहेरून? मशीन चालू केलं, नमुना उघडला. आणि दादाचं नाव समोर. मला कळेचना. मग लक्षात आलं. त्या दिवशी त्यानं आधीच जतन करून ठेवलं होतं. मी मागे घेतलेलं मात्र जतन न करता बटण बंद केलं होतं. कागद तयार होता. शोकाकुल, आणि पुढे मी एकटी. तारीख तेवढी भरायची राहिली होती. ती त्याला लिहिता येणार नव्हती.

मी लिखाणाची कळ दाबून तारीख भरली. सवयीनं प्रूफ वाचलं, तेव्हा कळलं की एक शब्द कमी आहे. नमुन्यात 'दुःखद निधन झाले' असं असतं. त्यानं 'दुःखद' खोडला होता. त्या दिवशी रागाच्या भरात माझ्या नजरेतून सुटलं होतं. नुसतं 'निधन झाले'. सुटलो एकदाचा, असं म्हणायचं होतं त्याला. तेवढं मला कळलं.

"ते तुझं झालं, दादा," मी मोठ्यानं म्हणाले. "हा कागद माझ्या नावानं जाणार आहे." आणि तिथं जाऊन तो शब्द परत लिहिला, विसर्गासकट.

मग खालच्या ओळींवर यायला जुन्या सवयीनं जे ची कळ दाबत गेले. डोळ्यांत पाणी होतं, तांबडी काडी दिसली नाही. 'दुःखदररर' असं उमटलं. मी हात कळांवर तसाच ठेवून बसले, पण कोणी ओरडलं नाही.