ओ देणारं माणूस

लॉकडाऊनमध्ये मी कोल्हापुरात एकटाच राहत होतो. रोज सकाळी कोडोलीचा एक दूधवाला यायचा. दुधाची पिशवी कडीला अडकवून, मास्क हनुवटीवर ओढून ओरडायचा, "पावणं, हाय न्हवं?" मी आतून "हाय की!" म्हटल्याशिवाय गाडीला किक मारत नसे. नाव ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं.

एकदा तापात मी ओ दिली नाही. तो दार बडवतच राहिला. शेवटी मी उघडलं, तसा दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "अवो, जीव घेतासा काय माझा? घरात मी एकलाच. म्हशी सोडल्या तर मला ओ देणारं तुमीच की!"

दुसऱ्या दिवशीही ताप होता, पण तो यायच्या आधीच मी खिडकीत उभा होतो.