अर्धं तिकीट

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि ताईला अकरा पूर्ण झाली होती. नेमकं साल सांगत बसत नाही. सत्तरच्या अलीकडे-पलीकडे कलकत्त्यात रोज कुठला ना कुठला कारखाना बंद पडत होता, आमचा त्यातलाच एक. खिदिरपूरला गोदीजवळ जहाजांचे भाग दुरुस्त करणारी ती कंपनी, आणि बाबा तिथे सुपरवायझर. एका सकाळी ते डबा घेऊन गेले आणि दुपारच्या आत तोच भरलेला डबा घेऊन परत आले. फाटकावर लॉकआउटची नोटीस लागली होती. "दोन-चार दिवसांत उघडेल," असं ते आईला म्हणाले, आणि पुढे दीड वर्ष हेच म्हणत राहिले.

सुपरवायझर म्हणजे ना धड इकडचा ना तिकडचा. कामगार त्यांना साहेबांचा माणूस समजायचे आणि साहेब तर ओळखच दाखवायचे नाहीत. युनियनने गोळा केलेली मदत मजुरांच्या घरी पोचत होती. आमच्या घरी कोणी आलं नाही.

तोवर घरातला पैसा हा बाबांचा प्रांत होता. आईने मागायचं, बाबांनी खिशात हात घालायचा आणि हाताला लागेल ते द्यायचं. माणूस उदार. गावी भावांना मनिऑर्डर, कारखान्यात कोणाला उसने, दर रविवारी कोणीतरी मराठी माणूस जेवायला, कारण परमुलखात आपलं माणूस आपणच बघायचं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आईला त्यांचा पगार किती हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्यात काही वावगं आहे असं घरात कोणाला वाटतही नव्हतं. मला या उदारपणाचा आजही राग येतो. लोक बाबांची आठवण काढून "काय मोठ्या मनाचा माणूस" म्हणतात तेव्हा मी गप्प बसते.

आठवडा उलटल्यावर आईने विचारलं, "अहो, घरात आहे तरी किती?"

बाबांनी कपाट उघडलं, कोटाचे खिसे चाचपले आणि मग खुर्चीवर बसून राहिले. त्यांनाही माहीत नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आईने हात पुढे केला. "किल्ली द्या इकडे," ती म्हणाली. त्यांनी दिली, आणि पुन्हा कधी मागितली नाही.

बाबांच्या पगाराची रिकामी खाकी पाकिटं आईने टाकून न देता ठेवली होती. ती पाकिटं आता बाहेर निघाली. त्यांवर तिने मराठीत लिहिलं: भाडं, रेशन, दूध, शाळा, दिवा, दुखणं. मला तेव्हा मराठी वाचता येत नव्हतं, मी पाकिटं डागांवरून ओळखायची. आईने पाटल्या मोडल्या आणि आलेले पैसे त्या पाकिटांत वाटून टाकले. नियम एकच. एक पाकीट संपलं तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. दूध संपलं तर महिनाअखेरपर्यंत कोरा चहा, मग पाहुणा येवो नाहीतर देव.

एकेक गोष्ट घरातून गेली. भांडी घासणारी बाई गेली, वर्तमानपत्र गेलं, शेंगदाण्याच्या तेलाच्या जागी मोहरीचं आलं. तुरीच्या डाळीऐवजी मसूर आली, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे काय, आजाऱ्याचं जेवण?" आई म्हणाली, "कारखाना उघडू दे, तुरीचं करीन." आम्ही बागबाजारात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीण राहायची, तिला आम्ही सगळेच मासिमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिने आईला गुल करायला शिकवलं. गुल म्हणजे कोळशाच्या चुऱ्यात गंगेची माती कालवून केलेले गोळे. गच्चीवर वाळवले की चुलीत कोळशासारखे जळतात. कोकणस्थांच्या घरातली माझी गोरीपान आई कोपरापर्यंत काळे हात करून गच्चीवर बसायची. हसायचीसुद्धा. मला वाटतं, सुरुवातीला तिला त्यात थोडी मजा आली असावी. आयुष्यात पहिल्यांदा घर तिच्या हातात होतं आणि ती ते चालवून दाखवत होती.

बाबा मात्र रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटक उघडलंय का ते बघायला जायचे. ट्रामचे पैसे आईने आठवड्यातून एकदाच द्यायचं ठरवलं, तर बाकीचे दिवस ते चालत जायला लागले. बागबाजार हे शहराचं एक टोक आणि खिदिरपूर दुसरं. संध्याकाळी ते पाय धुवायला बसायचे तेव्हा मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

एवढी ओढाताण करूनही भागेना. पाटल्यांचे पैसे संपत आले. आई शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागली होती, पण त्याने फार तर दिव्याचं पाकीट भरायचं. तेवढ्यात सांगलीहून मामाचं पत्र आलं. मामा शाळेत मास्तर होता. त्याने लिहिलं होतं, दोघींपैकी एकीला इकडे पाठव. माझ्या दोन मुलांत तिसरं खपून जाईल. वर्षभर शिकेल इथे, तोवर तुमचंही काहीतरी मार्गी लागेल.

आईने ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. आम्ही दोघी मुली तिथेच बसलो आहोत हे विसरून ती बोलत होती, की आठवण असूनही बोलत होती, कोण जाणे. "एक माणूस कमी झालं तर रेशनात भागतं. एका शाळेची फी वाचते. मग भाडं थकत नाही." बाबा खिडकीबाहेर बघत होते. ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. ताई फ्रॉकची शिवण उसवली होती ती बोटाने आणखी उसवत बसली होती.

खरं म्हणजे जायला हवं होतं मी. ताई घरात हाताशी आलेली होती. पोळ्या करायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची, मला सांभाळायची. माझा उपयोग काहीच नव्हता. पण सांगलीची शाळा मराठी. आम्ही दोघी इथल्या बंगाली शाळेत जायचो, आणि आई दुपारची घरी पाटी-पुस्तक घेऊन मराठी शिकवायला बसायची. ताई मन लावून शिकायची. मी गच्चीवर पळायची, गल्लीतल्या मुलींशी बंगालीत भांडायची. हाका मारून थकली की आई म्हणायची, "हिला काही मराठी यायची नाही, हिला बंगाली नवराच बघावा लागेल."

त्या दिवशी आईने दोघींना समोर बसवलं. ताईच्या हातात पुस्तक दिलं. ती धडाच्या धडा न अडखळता वाचून गेली आणि वर बघून हसली, शाबासकी मिळेल म्हणून. मग पुस्तक माझ्याकडे आलं. मी पहिल्या ओळीत तीनदा अडखळले आणि थांबले. मला पहिलीत बसवावं लागलं असतं, ताई थेट सातवीत बसणार होती. आईने पुस्तक मिटलं. ज्या मुलीला तिने इतक्या हौसेनं शिकवलं, तीच मुलगी पाठवण्याजोगी झाली होती. ते पुस्तक तिने बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं होतं, हे मला दिसत होतं.

घाई झाली ती तिकिटामुळे. बारा वर्षं पुरी झाली की रेल्वेचं पूर्ण तिकीट लागायचं. ताईचा वाढदिवस महिन्यावर आला होता. आईने पोस्टात असावा तसा चोख हिशेब केला आणि वाढदिवसाच्या आधीचा दिवस धरला. सोबतही मिळाली. कलकत्त्यातल्या मराठी घरांची रीतच होती, कोणी गावाकडे निघालं की त्याच्याबरोबर साडी, पापड, म्हातारी सासू, मूल, काहीही पाठवता यायचं. बँकेतले एक मराठी साहेब बदली होऊन बायकोसह पुण्याला चालले होते. त्यांना आम्ही एकदाच गणपतीला भेटलो होतो. त्यांच्याबरोबर ताई गेली.

हावड्याला गाडी सुटताना ती रडली नाही. मी रडले. बाबा खिडकीजवळ उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वर्षभराचा तर प्रश्न आहे." आईने तिची वेणी उगाच सोडून परत घातली. ताई कायमची राहायला परत आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

घरात भागायला लागलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आईचा हिशेब बरोबर निघाला. रेशन पुरलं, भाडं वेळेवर गेलं, माझ्या पानात भात थोडा जास्त पडायला लागला. मी एका दुपारी पाटी घेऊन आईसमोर बसले आणि म्हटलं, "मला शिकव ना मराठी." तिने शिलाईतून मान वर केली नाही. "तू नको शिकूस," ती म्हणाली. नंतर मी पाटी शोधली तर ती ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी होती. मराठी लिहायला मी शिकले ती लग्न होऊन पुण्याला आल्यावर, नवऱ्याची थट्टा सहन करत.

मामाची पत्रं यायची. ताईचा नंबर वरचा, ताईने शाळेत निबंधाचं बक्षीस मिळवलं, ताई मामीला स्वयंपाकात मदत करते. मामी वाईट नव्हती. वाईट असती तर ताईला परत आणायला निमित्त तरी मिळालं असतं. आईने एक नवं पाकीट केलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, पण डाग नसलेलं तेवढं एकच होतं. ब्लाउजांच्या शिलाईतले पैसे त्यात जायचे. मला ताप आला तेव्हासुद्धा तिने त्याला हात लावला नाही, मासिमाकडून गोळ्या आणल्या.

कारखाना शेवटी उघडला. निम्मी माणसं परत घेतली, त्यांत बाबा होते, पण कमी पगारावर आणि कमी मानाने. पहिल्या पगाराचं पाकीट त्यांनी न फोडता आईच्या हातात दिलं. आईच्या त्या नव्या पाकिटात ताईला आणायचं गाडीभाडं जमवता जमवता आणखी काही महिने गेले आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आणायचं ठरलं. आईने मामाला लिहिलं, आता इकडेच ठेवून घेते.

ताई आली ती चौदाची होऊन. उंच झाली होती, परकर-पोलक्यात होती आणि सांगलीकडचा हेल काढून बोलत होती. मासिमा जिन्यात बंगालीत काहीबाही विचारायला लागली तर ती नुसती हसून उभी राहिली. विसरली होती. आईने त्या दिवशी तुरीचं वरण केलं, वर तूप, आणि पुरण घातलं. ताई सावकाश जेवली. आई दुसऱ्यांदा वाढायला आली तर तिने पानावर हात आडवा धरला. "नको, उरू दे," म्हणाली. कोणाच्या घरी पाहुणी म्हणून जेवताना मुली जसं म्हणतात तसं. आईने डाव तसाच हातात धरला, मग बाबांच्या पानात रिकामा केला.

सुट्टी संपत आली तसा आईने विषय काढला. आम्ही तिघी गच्चीवर गुल करत होतो. बाबांचा पगार सुरू झाला होता तरी आईने गुल सोडले नव्हते. ताईला काम दाखवावं लागलं नाही, बघून बघून ती भराभर गोळे वळत होती. आई म्हणाली, "आता राहा इथेच. शाळेचं बघू काहीतरी. एखादं वर्ष फुकट जाईल, जाऊ दे."

ताईने हातातला गोळा नीट गोल केला, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि विचारलं, "आई, आता मी परवडते का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणा नव्हता. बाजारात वांग्याचा भाव विचारावा तसं तिने विचारलं. अकराव्या वर्षी तिने स्वतःबद्दलचा हिशेब समोर बसून ऐकला होता, तो तिला पटला होता, आणि तेव्हापासून ती तो बरोबर घेऊन जगत होती.

आई काहीही म्हणू शकली असती. रागवली असती, रडली असती, काळ्या हातांनीच तिला जवळ ओढलं असतं, तरी चाललं असतं. पण दोन वर्षं ती याच उत्तरासाठी पोटाला चिमटा काढत होती, आणि ते तिच्या तोंडून सरळ निघून गेलं.

"परवडतेस," आई म्हणाली.

ताईने मान हलवली. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "शाळा तिथेच पुरी करते, उगाच वर्ष कशाला घालवायचं." आणि तिने चुऱ्यात हात घातला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ताई सांगलीला गेली.