पेटीवाल्याची ‘ती’

हॉस्पिटलात त्याला सगळे पेटीवाला म्हणत. मूळचा तो फ्रिज दुरुस्त करणारा. रक्तपेढीचा फ्रिज नीट करायला म्हणून आला आणि किडनी बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला इथेच अडकवून टाकलं. हात सफाईदार आणि डोकं थंड, असा माणूस सोडतं कोण! सोळा वर्षं झाली, तो एकच काम करतो: दान केलेली किडनी दुसऱ्याच्या पोटात जाईपर्यंत पेटीसारख्या मशीनवर सांभाळतो. बायको म्हणते, “घरात एक रोप जगवता येत नाही, आणि तिकडे बघा!”

हृदय थांबल्यावर काढलेली किडनी काही वेळ रक्तावाचून राहिलेली असते, म्हणून ती रुसते. मग मशीन तिच्यातून गार औषधी पाणी हळूहळू फिरवत राहतं. पाणी आत सहज शिरू लागलं की पडद्यावरचा अडथळ्याचा आकडा उतरतो. नाही उतरला, तर ती किडनी कोणाच्याच कामाची नाही. पेटीवाला तिच्याशी चक्क बोलतो. “चल गं बाई, किती भाव खाशील?” नर्स हसतात. हसू देत.

त्या दुपारी डावी किडनी तीन तास हटून बसली होती. अखेर आकडा उतरला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मोबाइलला रेंज यायची ती फक्त दारात. तिथे उभा राहून तो डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओरडूनच म्हणाला, “बाई, वाचली ती! आता छान आहे!”

समोरच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ ताडकन उठले. सकाळीच त्यांच्या बायकोचं हृदय थांबलं होतं. किडन्या द्यायच्या कागदावर सही त्यांचीच होती, आणि आता तिला घरी न्यायचं म्हणून ते कागदपत्रांसाठी खोळंबले होते.

“वाचली?” ते म्हणाले. “अहो, मग मला कोणी सांगितलं का नाही?”

त्यांचा चेहरा असा काही उजळला की पेटीवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. अरे माझ्या कर्मा! काय बोलून बसलो मी!

खोटं बोलणं शक्य नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला, त्यांना हाताला धरून बसवलं, स्वतः शेजारी बसला.

“काका, चुकलं माझं. काकू गेल्या हो. मी त्यांच्या किडनीबद्दल बोलत होतो. आम्ही तिला ‘ती’च म्हणतो.”

म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळला. त्यांनी एक मुस्काटात दिली असती तरी पेटीवाल्याला बरं वाटलं असतं. त्यांची बायको एका दिवसात दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी ती त्याच्यामुळे गेली.

त्यांनी चष्मा पुसला. “कुठं ठेवलीय तिला?”

“आत, मशीनवर. गार पाण्यात.”

“फार गार आहे का? तिला थंडी सोसत नाही.”

चार अंशच का लागतात, हे पेटीवाल्याने आजवर शंभरदा समजावून सांगितलं होतं. आज ते त्याने बाजूला ठेवलं.

“थोडाच वेळ, काका. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी पोटात उबेला असेल.”

“आणि तोवर?”

“तोवर मी आहे ना तिच्याजवळ.”

“मग इथं माझ्यापाशी काय बसलात?” म्हातारे म्हणाले. “जा. तिला एकटं सोडू नका.”