ला पाझची सकाळ आणि बाबांची रापी

त्या सकाळी बुद्धवंदना आटोपून मी प्रवासासाठी कपाटातून बॅग खाली काढली, तेव्हा तिच्याखालची फडक्यातली पुरचुंडी हाताला लागली. आत माझ्या बाबांची रापी होती, चामडं कापायची. दारात मैत्रेयी उभी.

"बाबा, व्हॉट इज दॅट?"

"काही नाही, जुनं सामान." मी ती परत आत सारली. मुलीला मी बाबांचं चपलांचं दुकान होतं असंच सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत हर्नडनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा रेने मूळचा बोलिव्हियातल्या ला पाझचा. तीन वर्षं बोलावत होता, शेवटी त्याच्याबरोबर आठवडाभर निघालो. मायामीहून रात्रीचं विमान, सकाळी उतरलो ते तेरा हजार फुटांवर. जाणाऱ्यांनी पहिला दिवस झोपून काढावा आणि अर्धपोटी राहावं. मी ऐकलं नाही, रेनेच्या घराचा जिना चढताना दोनदा बसलो. त्याच्या आईने कोकाच्या पानांचा चहा दिला, तेव्हा डोकं जरा हलकं झालं.

दुसऱ्या दिवसापासून नाश्ता रस्त्यावरच. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं दालचिनी घातलेलं दाट, गरम पेय. सोबत चीज भरून तळलेली, पुरीसारखी फुगलेली पास्तेल. पहाटेच्या थंडीत पेला दोन्ही हातांत धरला की उठावंसं वाटत नाही. दहाच्या सुमारास साल्तेन्या, रस्सा भरलेली भाजकी करंजी. अर्ध्या डॉलरच्या आत मिळते, दुपारनंतर मिळत नाही. टोक चावून आधी रस्सा प्यायचा. मी मधोमध चावा घेतला आणि सगळा रस्सा बुटावर.

विकणाऱ्या बाई खो खो हसल्या. "रेने, तुझ्या पाहुण्याच्या बुटाला भूक लागली होती वाटतं!"

कोपऱ्यावर बूटपॉलिशवाले बसले होते. सगळ्यांची तोंडं लोकरी टोपीने झाकलेली, नुसते डोळे उघडे. एकाने पेटी पुढे केली. तिच्यावर पाय ठेवायला मला जमेना. मी बूट काढून त्याच्या हातात दिला आणि शेजारी फरशीवर बसलो.

"जेफे, पाय ठेवा की!" तो म्हणाला. जेफे म्हणजे मालक. रेने भाषांतर करत होता.

बुटाची शिवण उसवली होती. त्याच्या पेटीत चामडं शिवायची आरी दिसली. मी ती मागून घेतली आणि चार टाके घातले.

"कुठे शिकलात?"

"वडिलांकडे. आमच्या शाळेसमोर बसायचे ते."

रेने बघतच राहिला. "तू तर दुकान म्हणाला होतास!"

"एक गोणपाट होतं. तेच दुकान."

मी त्या माणसाला तोंड झाकण्याचं कारण विचारलं. "मुलगी कॉलेजात जाते. तिच्या मैत्रिणी याच रस्त्याने जातात," तो म्हणाला.

बाबांचं तोंड उघडंच असायचं. मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर समोरून जाताना मान वळवायचो तो मीच. त्यांना ते दिसत असणार.

परत आलो. आपी घरी दोनदा करून पाहिली, खळीसारखी झाली. बुटाचे टाके मात्र पक्के राहिले.

परतल्यावरच्या पहिल्याच शनिवारी मराठी मंडळी जेवायला येणार होती. सकाळी वंदनेनंतर मी मैत्रेयीला जवळ बसवून रापी हातात दिली आणि शाळेसमोरच्या गोणपाटापासून सगळं सांगितलं. माझी वळवलेली मानसुद्धा. ती बराच वेळ लाकडी मुठीवरून अंगठा फिरवत होती. मग तिनेच ती हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी नेऊन ठेवली.

संध्याकाळी बेल वाजली. तिने आधी रापीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, शुड आय मूव्ह इट?"

"राहू दे तिथेच," म्हणालो आणि दार उघडलं.