दोन शेजाऱ्यांचा नियम

मिल बंद झाली तेव्हा मी कॉम्प्युटरच्या एम.एस्सी.ला होते आणि जगातलं निम्मं तरी आपल्याला कळलंय असं मला वाटायचं. बाबा मिलच्या विणाई खात्यात डिझाइन उतरवायचे. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं चौकोन भरायचे. काळा म्हणजे उभा धागा वर, कोरा म्हणजे खाली. भोंगा थांबला तसे बाबाही थांबले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मल्हारगंजातल्या आमच्या हिंदी-मराठी मिसळलेल्या गल्लीत दोन्ही बाजूंचे काकाही मिलचेच. पूर्वी संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिघांच्या गप्पा रंगायच्या, आता तिन्ही दारं बंद. मला बाबांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

"माणूस किती दिवस भिंत बघणार?" आई म्हणाली. "त्यांना काहीतरी काम दे."

काम माझ्याकडे होतं. पुण्याहून नव्यानं आलेले आमचे सर तेव्हा सेल्युलर ऑटोमेटा शिकवत होते. नाव भारदस्त, पण गोष्ट पोरखेळाची. चौकटीचा कागद घ्यायचा, पहिल्या ओळीत मधोमध एकच चौकोन काळा करायचा. पुढच्या ओळीतला प्रत्येक चौकोन मागच्या ओळीतल्या आपल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे पाहतो. दोघांतला एकच काळा असेल तर हा काळा. दोन्ही काळे किंवा दोन्ही कोरे असतील तर हा कोरा. बस, एवढंच. आणि एवढ्याशा नियमातून त्रिकोणात त्रिकोण उमटत जातात. वणवा, रहदारीची कोंडी, अफवा, हे सगळं अशाच कागदावर मांडून बघता येतं, असं सर सांगायचे. अख्खं चित्र कुणालाच दिसत नसतं, जो तो फक्त शेजारी बघतो. कॉलेजात कॉम्प्युटरवर पाळी मिळायची मारामार, म्हणून बत्तीस ओळी हातानंच भरायच्या होत्या.

कागद बाबांपुढे ठेवला, नियम सांगितला. ते उठून बसले. पेन्सिलीला टोक काढलं आणि सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरुवात केली.

"बाबा, वरून!"

"कापड खालून वर चढतं, बेटा."

मी कपाळाला हात लावला, पण कागद त्यांच्याकडेच राहू दिला. निदान उठले तरी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद पाहिला आणि माझं डोकंच सणकलं. सगळ्यात मोठ्या कोऱ्या त्रिकोणाच्या ऐन मधे बाबांनी एक काळा चौकोन टाकला होता. तिथून पुढे मात्र इमानदारीनं नियम पाळलेला, त्यामुळे त्या एका चौकोनातून नवाच त्रिकोण फुटला होता.

"सत्यानाश! याचे दोन्ही शेजारी कोरे आहेत ना?"

"इतनी जागा कोरी सोडली तर धागा लोंबेल. कुणाच्या बांगडीत अडकला की कापड गेलं. मधे एक बांध लागतो."

"हे कापड नाहीये, बाबा!"

"मग काय आहे?"

"समजा आपली गल्ली आहे," मी तावातावानं म्हणाले. "दोन्हीकडची दारं बंद, म्हणून मधला पण दार लावून पडून राहतो."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मी दुसऱ्या कागदावर सगळं नव्यानं भरून सरांना दिलं. शाबासकी मिळाली, पण ती घरी कुणाला सांगावीशी वाटली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ओट्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाबा बाहेर बसले होते. एकटेच. दुसऱ्या दिवशीही एकटेच. तिसऱ्या दिवशी डावीकडचं दार उघडलं.

"क्या भिया, आज बाहर?"

"हो, या. हवा चांगली आहे."

डावीकडचे काका येऊन बसले. उजवीकडच्या काकांनी आठवडा घेतला. आधी दार अर्धं उघडलं, मग एका संध्याकाळी स्टूल घेऊन तेही आले. मी उंबऱ्यात उभी होते. बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"बेटा, दोन्ही शेजारी काळे झाले. तुझ्या नियमानं आता मी कोरा, ना? जाऊ आत?"

मी नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.

"मग आईला सांग, तीन कप चहा टाक म्हणावं."