तुडुमाची मासोळी आणि मनसाराम मलेरियावाला

मनसाराम मलेरियावाल्याच्या नोकरीच्या कागदांत जन्मतारीख एक जुलै अशी होती. तालुक्यातल्या निम्म्या माणसांची तीच असल्यामुळे त्यावर कोणी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. साल अठ्ठावन्न लिहिलेलं होतं आणि तेही खरं होतं. फक्त दोन शतकं चुकली होती.

शहरातल्या मासिकांत ज्याला रक्तपिशाच म्हणतात, तो मनसाराम होता. हा शब्द त्याला स्वतःला आवडत नसे. पिशाचाला नोकरी नसते, सायकल नसते, पंधरवड्याचा अहवाल भरावा लागत नाही. त्याला हे सगळं होतं. आधीची पंचवीस वर्षं त्याने एटापल्लीकडे एका लाकूड डेपोवर चौकीदारी केली होती. आपले केस काही पिकत नाहीत हे लोकांच्या लक्षात यायच्या आत तिथून तो निघाला, आणि शहाऐंशी साली ब्रह्मपुरीजवळच्या खैरटोल्याला हिवतापाचा कर्मचारी म्हणून रुजू झाला.

काम असं: दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून "कोनी तापाचं हाये का?" म्हणून विचारायचं. असेल तर बोटाला टोचून दोन थेंब काचपट्टीवर घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायची. टोचलेलं बोट ज्या कापसाने पुसलं तो कापूस नष्ट करावा असा नियम होता. मनसारामकडे तो नियमितपणे नष्ट होत असे. दिवसाला वीस-पंचवीस बोळे. ते तो गरम पाण्यात भिजवून संध्याकाळी चहासारखे घेई, आणि त्यावर त्याचं भागे. दोन शतकांच्या उपाशी भटकंतीनंतर, कोणाच्या केसालाही धक्का न लावता पोट भरायची ही सोय त्याने शोधली होती. त्याबद्दल त्याचा सत्कार व्हायला हवा होता, पण तो कोणत्या खात्याने करायचा हा प्रश्न होता.

शिवाय चव घेऊनच त्याला ताप कळे. साधा हिवताप कोमट आंबिलीसारखा, डोक्यात जाणारा कडू कारल्यासारखा. प्रयोगशाळेचा निकाल आठ दिवसांनी येई. मनसारामच्या गोळ्या पहिल्याच दिवशी पोटात गेलेल्या असत. तेरा वर्षांत खैरटोल्यात तापाने एक माणूस गेला नाही. लोक म्हणत, मनसारामभाऊच्या हाताला गुण आहे. गुण जिभेला होता.

त्याच्या प्रकृतीच्या लोकांना एक अडचण असते. घरातल्याने 'या' म्हटल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. मनसाराम बाहेरच उभा राही, आणि गावाला तो त्याचा नम्रपणा वाटे. आग्रहाने आत बोलवायचा तो एकटा कोलू धिवर. "या ना गा, मनसारामभाऊ, बाहेर काऊन उभे?" असं म्हणून तो हाताला धरून ओढी. कोलू तलावात जाळं टाकायचा, त्याची बायको गोकुळा टोपलीत मासोळ्या घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारात बसायची. दोन शतकांत मनसारामला मित्र म्हणावा असा हा पहिलाच माणूस. बाकीच्यांशी त्याने ओळख वाढवली नव्हती, कारण ते मरत.

आणि नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कोलूही मरायला लागला.

गावचा जुना मालगुजारी तलाव दुरुस्तीला काढला होता. तलावाचं पाणी शेतात सोडायची जी दगडी मोरी असते, तिला झाडीपट्टीत तुडूम म्हणतात. तुडुमातला गाळ उपसायला ठेकेदाराने कोलूला लावलं, आणि गाळात त्याच्या हाताला वीतभर पितळी मासोळी लागली. तलाव बांधणाऱ्या धिवरांनी ती तिथे बसवली होती, पाण्याची तहान तिच्या पोटात कोंडून. तिला हलवलं की तहान मोकळी होते, हे कोलूच्या बापाने त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. पण गाळात हाताला लागलेली वस्तू मासोळी आहे की दगड, हे वर काढल्याशिवाय कळत नाही. कोलूने वर काढली. ठेकेदाराने ती फडक्यात गुंडाळली, "सरकारजमा करतो" म्हणाला आणि ब्रह्मपुरीतल्या आपल्या घरी काचेच्या कपाटात ठेवली.

त्या दिवसापासून कोलू पाणी पीत होता. पाण्याचा पितळी गुंड रिकामा करायचा, दुसरा मागायचा, आणि ओठ सुकलेलेच. दीड महिन्यात त्याची छाती आतून ओढल्यासारखी झाली. डॉक्टरांनी साखर तपासली, ती नव्हती. मनसारामने त्याच्या बोटाचा कापूस चाखला. ताप नव्हता, दुसरं काहीच नव्हतं, चव वाळूची होती.

"मासोळी परत तुडुमात गेली पाह्यजे," कोलू खाटेवरून म्हणाला. "बाप सांगे, नुसत्या हातानं धरून न्याची. वाटेत खाली ठेवाची नाई. आन् नेणाऱ्यानं वाटेत काई पेवाचं नाई. पेला, का त्याले बी घेऊन जाते आन् मले बी."

"मंग मी नेतो," गोकुळा म्हणाली.

"तू? हात लावताच तुले तहान लागन. तलावापोत पोचशीन का?"

मनसाराम दारातल्या सावलीत बसला होता. तहानेचा त्याला अनुभव होता आणि पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हे काम आपल्यासाठीच राखून ठेवलंय, असं त्याला अगदी सरळ वाटलं. "मी आनतो," तो म्हणाला. तो इथे चुकला, पण ते नंतर कळलं.

वेळ थोडा होता. ठेकेदार सोमवारी तुडुमाचं तोंड सिमेंटने बंद करणार होता. गोकुळा दोनदा त्याच्या पाया पडून आली होती. "अशा वस्तू गावात ठेवाच्या नसतात, बाई. चोऱ्या होतात," असं त्याने तिला समजावलं होतं.

घरात शिरायला मनसारामला कारण हवं होतं. फवारणीचं पथक चालणार होतं. घर फवारायचं म्हटलं की माणसं, भांडी, धान्य सगळं अंगणात येतं आणि घर तासभर कर्मचाऱ्याच्या ताब्यात असतं. पण शहरातल्या घरात पथक न्यायला तापाचा रोगी दाखवावा लागतो, आणि खोटी काचपट्टी मनसारामने जन्मात केली नव्हती. तो शुक्रवारी ठेकेदाराकडे गेला, घरातल्या पाच जणांची बोटं टोचली. एकालाही ताप नव्हता. सगळ्यांच्या रक्ताला मात्र थोडी थोडी वाळूची चव होती. आणि मागच्या अंगणात पाण्याने भरलेले अकरा ड्रम होते. मासोळीला फडक्यातून धरलं म्हणून घरातलं कोणी मरत नव्हतं, पण सगळे तहानलेले होते आणि पाणी साठवत सुटले होते. प्रत्येक ड्रममध्ये डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

अळ्या सापडल्या की रोग्याशिवायही पथक नेता येतं; मनसारामने अहवालात अकरा ड्रम लिहिले, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. शनिवारी सकाळी पथक दारात उभं राहिलं. पंप मारायला फवारणीवाला पोचू, पाणी भरायला हंगामी मजूर म्हणून गोकुळा, आणि देखरेखीला स्वतः मनसाराम, काळी छत्री घेऊन.

"आमच्या घरी मच्छर?" ठेकेदार चिडला. "ते तिकडे नालीकडे जाऊन मारा ना!"

"साहेब, अकरा ड्रम म्हणजे मच्छरांची शाळाच उघडली तुमी," पोचू म्हणाला. "फक्त मास्तर ठेवाचा राह्यला."

खाटा, गाद्या, टीव्ही, सगळं अंगणात आलं. "या, आणि लवकर आटपा," ठेकेदार कुरकुरला. मनसाराम आत गेला आणि काचेच्या कपाटापाशी थांबला. मासोळीचा खण रिकामा होता. ठेकेदाराने ती सकाळीच देवघरात नेऊन ठेवली होती. औषधाचा पांढरा फवारा देवांवर उडू नये म्हणून देवघर फवारू देत नाहीत, हे प्रत्येक मलेरियावाल्याला माहीत असतं. ते मनसारामला आधी सुचलं नाही, याचं त्याला नोकरीतल्या माणसाला वाटावं तसं वाईट वाटलं.

देवघराला वेगळा उंबरा होता. मनसारामचा पाय त्याच्यापाशी अडला. आत ठेकेदाराची आई बसली होती, मांडीशी तांब्या घेऊन. कपाट रोज तीच पुसायची, त्यामुळे तिची दशा कोलूच्या खालोखाल झाली होती.

"इथी फवारा नाई," म्हातारी म्हणाली.

"नाई मारत, बाई. ते मासोळी पाह्यजे होती."

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चोर हायेस?"

"हो."

"चोर उंबऱ्यापाशी उभा राह्यते का कुठी? घे न् पळ. मी का धावून राह्यली तुह्या मांगं?"

"तुमी या म्हनल्याशिवाय मले येता येत नाई."

"काऊन?"

मनसारामने दोनशे वर्षांत या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. त्यातलं एखादं सहज चाललं असतं. पण खाटेवर कोलू होता, बाहेर पोचूचा पंप संपत आला होता, आणि म्हातारीची नजर पाणी पिऊन पिऊन धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"मी रक्त पेतो, बाई," तो म्हणाला. "मानसात नाई मोडत मी. तुमी वरडल्या तर आजच मले हे मुलूख सोडा लागन. पन खैरटोल्यात माहा एक दोस्त मरून राह्यला."

म्हातारीने तांब्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "माहा पोरगा बी लोकाइचं रक्तच पेते," ती म्हणाली. "त्याले तर या बी म्हना लागत नाई. ये अंदर. घेऊन जा ते अवदसा."

मासोळी हातात आली तेव्हा मनसारामला काहीच झालं नाही. त्याने ती रिकाम्या औषधाच्या बादलीत हात घालून धरली, मजुराला रिकामी बादली भरायला सांगतात तशी गोकुळाला खूण केली, आणि दोघं फाटकातून बाहेर पडले. ठेकेदार अंगणात गादीवर बसून पाणी पीत होता.

खैरटोल्याच्या जीपमध्ये अठरा माणसं होती. मनसाराम आणि गोकुळा मधल्या बाकावर दाबून बसले. गाव सुटलं, आणि मग मनसारामला कळलं.

मासोळीला पाण्याशीच देणंघेणं होतं असं नाही. ज्याची जी तहान, ती ती वाढवत होती. समोरच्या माणसाच्या मानेवरची शीर त्याला ढोल वाजावा तशी ऐकू येऊ लागली. कुशीत झोपलेल्या कोणाच्या लेकराच्या कपाळावरचा घाम, शेजारी गोकुळाच्या मनगटातलं रक्त, अठरा माणसांची अठरा काळजं. कापसाच्या बोळ्यांवर काढलेली तेरा वर्षं जिभेवर एकदम सुकून गेली. त्याचे दात बाहेर आले. त्याने तोंडावर दुपट्टा घेतला.

"थांबव गा," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"अजून नऊ किलोमीटर आहे, भाऊ! पुढं फाट्यावर उतरा!"

"इथीच थांबव."

गोकुळाही उतरली. वैशाखातलं दुपारचं ऊन होतं, धानाच्या बांधीतली जमीन भेगाळून पडली होती, सावलीला झाड नव्हतं. ऊन मनसारामला सोसत नसे, हे ती इतकी वर्षं छत्रीवरून पाहत आली होती.

"तुमी मांगं राहा, गोकुळाबाई. लांब राहा," तो म्हणाला. "मले तहान लागली."

"मले माहीत हाये."

"पान्याची नाई."

"तेच म्हनून राह्यली मी. तेरा वर्सांपासून माह्या घरचा चहा वांग्याच्या आळ्यात ओतता तुमी. मले का दिसत नाई?" तिने त्याच्या हातातली छत्री ओढून घेतली आणि त्याच्या डोक्यावर धरली. "चाला. मी लांब राहीन तर छत्री कोन धरन?"

"मी तुमाले चावीन."

"चावा, आन् मंग कोलूले काय सांगाचं ते बी ठरवून ठेवा."

नऊ किलोमीटर ते चालले. मनसाराम पुढे बघत होता, तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. छत्रीबाहेर राहिलेल्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले; मूठ सुटली नाही. मध्येच तो उभा राही आणि स्वतःचाच दंड चावी, ज्यातून काही निघत नसे. त्या वेळी गोकुळा बाजारभावांवर बोलत राही. वाघुरचे मासे आले तर घ्यावे की नाही, बोटरी मासोळीला गिऱ्हाईक का नाही. कशावर बोलते आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. आवाज चालू राहिला की पाय चालू राहतात, एवढंच तिला जाळं ओढण्यावरून माहीत होतं.

तलावाच्या पाळीवर ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मनसाराम तुडुमात पोटावर सरपटत गेला. तुडुमाला उंबरा नसतो, त्यामुळे कोणी या म्हणायची गरज नव्हती. दगडात मासोळीच्या आकाराची खाच होती. मासोळी तिथे बसली, आणि गाळाने आवंढा गिळावा तसा एक आवाज केला. मनसारामचे दात आत गेले.

सोमवारी ठेकेदाराने तुडुमाला सिमेंट लावलं. मासोळी कुठे गेली हे त्याने आईला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, देवघरातून गेलेल्या वस्तूची चौकशी पोलिसात करत नाहीत. मनसारामचं नाव तिने घेतलं नाही.

पण ते पुढचं. त्या शनिवारी गोकुळाने घरी येऊन सुकी मासोळी रांधली, आणि मुद्दाम मूठभर मीठ जास्त टाकलं. कोलू खाटेवर बसून ती सगळी जेवला. पाण्याचा लोटा शेजारी होता. गोकुळा लोट्याकडे बघत होती, मनसाराम गोकुळाकडे. कोलूने बोटं चाटली, हात झटकला, लोट्याकडे नजरही टाकली नाही.

"काऊन गा, मनसारामभाऊ," तो म्हणाला, "खर्रा हाये का तुह्यापाशी?"

"मेल्या, दीड महिना मरत होता आन् उठल्या उठल्या खर्रा!" गोकुळा ओरडली आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली.

मनसाराम तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नसे. तो उठला, फोड आलेला हात दुपट्ट्यात लपेटला आणि कोलूसाठी पानठेल्याकडे निघाला.