सुतकातली गोड डाळ

माझा थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून तिकडे माणसं रस्त्यावर उतरली होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तो गेला. मोर्चात होता की पाळी संपवून खोलीवर चालला होता, ते आजतागायत आम्हाला कोणी धड सांगितलं नाही. गोळी मात्र पाठीत लागली होती. पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घालायची, ही कसली मर्दुमकी, मेल्यांनो? एवढी म्हातारी झाले तरी माझा हा राग गेलेला नाही.

बाबांनी तिकडेच अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पनवेलला परतले. अंगणात आंघोळ केली आणि ओटीवर भिंतीला टेकून बसले. घरात चूल पेटलेली नव्हती. आमच्याकडे अशा दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण आणायचं असतं, कडू घास म्हणतात त्याला. गव्हाणहून आत्या आली होती, ती बायकांत बसून रडत होती. आई रडत नव्हती. ती एकसारखी समोरच्या बंद दुकानाकडे बघत होती.

समोरचं ते दुकान गुजराती वाण्याचं. पुढं दुकान, मागं घर. शेठ अबोल, त्याची बायको मात्र बोलघेवडी. तिला आम्ही सगळे बेन म्हणायचो. आईचं आणि तिचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं, कधी सांडपाण्यावरून, कधी सुकटाच्या वासावरून. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा एकमेकींच्या डोक्यात तेल घालायला बसायच्या.

भाऊ दिवाळीला आला होता तेव्हा शेठनं त्याला विचारलं होतं, “तुमचं राज्य झालं की आम्हाला हाकलणार ना?”

भाऊ खो खो हसला. म्हणाला, “शेठ, तुम्ही गेलात तर माझी आई भांडणार कोणाशी? अहो, आम्ही घरात आपली एक खोली मागतोय, घर मोडत नाही. देश आपला एकच.”

आईनं हे ओटीवरून ऐकलं होतं. तो गेल्यावर तिच्या मनानं घेतलं की हेच त्याचं शेवटचं सांगणं. पोरगा गेला तो गेला, त्याच्यापायी समोरचं घर उठता कामा नये. बाकी तिला काही नको होतं.

आणि नेमकं तेच होऊ घातलं होतं. त्या दिवशी सगळं पनवेल बंद होतं. हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. पोलिसांच्या निषेधाचा मोर्चा गावातून फिरून आमच्या आळीत आला. पुढची मोठी माणसं आमच्या दारापुढे क्षणभर मान खाली घालून उभी राहिली आणि पुढे गेली. पाठीमागची तरणी पोरं मात्र रेंगाळली. कोणीतरी शेठच्या दुकानाकडे बोट दाखवलं. बघता बघता दोघातिघांनी दगड उचलले. सगळी ओळखीची पोरं, आमच्या अंगणात विटीदांडू खेळलेली. मलाही आतून वाटत होतं, होऊ दे एकदाचं काय व्हायचं ते. कोणावर तरी राग काढायचाच होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. बेन बाहेर आली. हातात झाकलेलं पातेलं, वर भाताचं ताट. दगड घेतलेल्या पोरांच्या मधून ती खाली मान घालून चालत आली आणि आईसमोर बसली. आत्यानं पानं वाढली, डाळीत बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, “अगो बाय! गोड हाय ही!”

सुतकातल्या घरात गोड! तेराव्यापर्यंत आम्ही गुळाचा खडा तोंडात घालत नाही. बेन जन्मभर डाळीत गूळ घालत आली, त्या दिवशीही सवयीनं हात डब्यात गेला असणार. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “भाभी, माझं लक्षच नव्हतं हो,” एवढंच ती म्हणाली.

आत्याचा आवाज रस्त्यावर गेला होता. “आपल्या मरणावर गोड खाऊ घालतात!” एक जण किंचाळला. पोरं थेट अंगणात शिरली. बाबा भिंतीला धरून उठायला लागले.

आईनं ताट पुढं ओढलं. डाळभात कालवला आणि सगळ्यांदेखत एक घास तोंडात घातला, मग दुसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती खात राहिली.

“हीच डाळ खाऊन वाढलाय तो,” ती पोरांना म्हणाली. “मी धाकटीच्या बाळंतपणात निजलेली तवा हिनंच भरवलाय त्याला. आनि ज्यानं गोली घातली, तो पोलीस काय गुजराती बोलत होता? तुमच्या-आमच्यासारखाच कोनाचातरी पोर असंल मेला. जा त्याच्याकडं. हितं माझ्या दारात दगड नाय पायजेत.”

पोरं ओशाळली. एकानं दगड गटारात टाकला. एकेक करून गेली बिचारी. त्या क्षणी मला खरंच वाटलं की जिंकली आई. भाऊ म्हणत होता ते होणार, सगळं ठीक होणार. वेडी आशा, दुसरं काय.

कारण आळीच्या तोंडाशी गेल्यावर कोणीतरी एक दगड मारलाच. फळीवर धाडकन आवाज झाला आणि आतून बेनच्या लेकरांचं रडणं ऐकू आलं. ती पातेलं तिथंच टाकून धावली.

त्याच आठवड्यात ते सगळे कल्याणला तिच्या भावाकडे गेले. ते निघाले तेव्हा आईनं बेनला तेराव्याचं आमंत्रण दिलं. बेन येईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं, पण तेराव्याला ती एकटीच एसटीनं आली. आईच्या शेजारी बसून जेवली. जेवण झाल्यावर आईनं तिचा हात घट्ट धरला.

“आता परत ये गो, बेन. पोरास्नी घेऊन ये. परत गोली चालंल म्हून पोलिसांचं भ्या वाटतंय काय? आमी हाव ना.”

बेन हळूच म्हणाली, “भाभी, कल्याणला दारावरून रोज पोलीस जातो. पोरं त्याला भीत नाहीत. पण मी नुसतं पनवेलला जाते म्हटलं तरी रडतात.”

आईनं तिचा हात सोडला.